क्रिएटिनिन १.१ : वय बोलतंय की आजार?

मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्याच्या आसपास कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट हातात घ्या. त्यात 'सीरम क्रिएटिनिन' अशी एक ओळ असते, समोर आकडा आणि शेजारी नॉर्मल रेंज. समजा आकडा १.१ आहे आणि रेंज ०.६ ते १.२ छापलेली आहे. (काही लॅब बायकांची आणि पुरुषांची रेंज वेगळी देतात, सगळ्या नाही.) आकडा ठळक छापलेला नाही, म्हणजे काळजी नाही, असं म्हणून रिपोर्ट परत प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो.

आता हाच १.१ तीन जणांना देऊन बघू. एक ३० वर्षांचा तरुण, एक ७० वर्षांचे आजोबा, एक ७० वर्षांच्या आजी. २०२१ साली आलेलं सीकेडी-ईपीआय नावाचं सूत्र वापरलं, तर तरुणाची किडनी मिनिटाला साधारण ९३ मिलिलिटर रक्तद्रव गाळते असं उत्तर येतं. आजोबांचं येतं ७२. आजींचं ५४. आणि ६० च्या खालचं उत्तर तीन महिने टिकलं, की आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार त्याला 'क्रॉनिक किडनी डिसीज' म्हणतात, म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंड विकार. रक्तातला आकडा तिघांचाही एकच, आणि तिघांचेही रिपोर्ट 'नॉर्मल'.

तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांच्यासाठी हा विषय मी मुद्दाम निवडलाय. डायबेटिस, ब्लडप्रेशर आणि वय यांचा किडनीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न दिसायला सरळ आहे, आणि तुमच्यातले चार-पाच जण तरी यावर लिहिणार आहेत हे मला माहीत आहे. पण तुम्ही जो आकडा मोजणार आहात, त्यातच वय मिसळलेलं असतं. ते कसं, हे कळलं नाही तर पुढचं सगळं विश्लेषण वाळूवर उभं राहतं.

आकडा येतो कुठून

क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. स्नायूंत क्रिएटिन नावाचं एक रसायन असतं, त्याचा रोज थोडा थोडा भाग मोडून क्रिएटिनिन बनतं आणि रक्तात उतरतं. किडनी ते गाळून लघवीत टाकते. रोज जेवढं बनतं तेवढंच बाहेर जात असेल, तर रक्तातली पातळी स्थिर राहते. गाळण्याचा वेग निम्मा झाला, की पातळी वाढत वाढत साधारण दुप्पट होते आणि तिथे पुन्हा स्थिर होते.

इथेच पहिली गंमत आहे. ज्या बाईचं क्रिएटिनिन तरुणपणी ०.६ होतं, तिचं पुढे १.२ झालं, तर तिची गाळण्याची क्षमता साधारण निम्म्यावर आलेली असते. आणि तरी ती 'रेंजमध्ये'च असते! नॉर्मल रेंज समाजाची असते, त्या बाईची नसते. तिचा दहा वर्षांपूर्वीचा रिपोर्ट कपाटात सापडला तर तो या छापील रेंजपेक्षा जास्त उपयोगाचा.

गाळण्याच्या वेगाला जीएफआर म्हणतात. निरोगी तरुण माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर गाळतात, म्हणजे दिवसाला १८० लिटर. त्यातलं जवळपास सगळं परत शोषलं जातं आणि दीड-दोन लिटर लघवी होते. हा वेग खरोखर मोजायचा तर बाहेरून एखादा पदार्थ शरीरात सोडावा लागतो, इन्युलिन किंवा आयोहेक्झॉल, आणि तो किती वेगाने बाहेर पडतो हे तासन् तास मोजत बसावं लागतं. रोजच्या दवाखान्यात हे शक्य नाही. म्हणून क्रिएटिनिनवरून अंदाज बांधतात. त्या अंदाजाला ईजीएफआर म्हणतात, आणि त्यातला 'ई' म्हणजे अंदाज. थीसिसमध्ये 'आम्ही जीएफआर मोजला' असं वाक्य दिसलं, आणि प्रत्यक्षात क्रिएटिनिन मोजून सूत्रात टाकलेलं असलं, तर परीक्षकाने पहिला प्रश्न तिथेच विचारावा.

सूत्राच्या पोटात वय

त्या २०२१ च्या सूत्रात वयाचा एक गुणक आहे, ०.९९३८, आणि वय जितकं तितके त्याचे घात. म्हणजे क्रिएटिनिन अजिबात बदललं नाही, तरी दर वाढदिवसाला ईजीएफआर सुमारे ०.६ टक्क्यांनी कमी होतो. दहा वर्षांत सहा टक्के. वरच्या आजी साठीत असतानाही त्यांचं क्रिएटिनिन १.१ च होतं असं धरा. तेव्हा सूत्राने ५७.५ दिलं असतं, सत्तरीत ५४. मधल्या दहा वर्षांत रक्तात काहीच बदललं नाही. बदललं ते कॅलेंडर.

आता एखाद्या विद्यार्थ्याने पाचशे लोकांचा डेटा गोळा केला, आडव्या अक्षावर वय घेतलं, उभ्या अक्षावर ईजीएफआर, आणि एक सुबक उतरती रेष काढून लिहिलं, 'वयाबरोबर किडनीचं कार्य कमी होतं'. त्या उतारातला काही भाग त्याने स्वतःच सूत्रातून आत घातलेला आहे. वय दोन्ही अक्षांवर बसलंय. सहसंबंध मिळणारच होता.

मग सूत्र बनवणाऱ्यांनी वय घातलंच का? कारण सरळ आहे. वय वाढतं तसे स्नायू कमी होतात, म्हणून क्रिएटिनिन कमी बनतं. ७० वर्षांच्या माणसाच्या रक्तात १.१ दिसतंय, म्हणजे स्नायू कमी असूनही तेवढं साठलंय, याचा अर्थ किडनी कमी गाळतेय. तो गुणक ज्यांचा जीएफआर खरोखर मोजला होता अशा हजारो लोकांच्या डेटावरून काढलेला आहे, हवेतून आलेला नाही. गटाची सरासरी काढायला तो चांगलाच आहे. पण तुमचा प्रश्न 'वयाचा परिणाम किती' हाच असेल, तर ज्या मोजपट्टीत वय आधीच धरलंय तिने वयाचा परिणाम मोजता येत नाही. अशा वेळी निदान कच्चं क्रिएटिनिनसुद्धा दाखवा, किंवा सिस्टॅटिन सी घ्या. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंवर कमी अवलंबून असतं. त्याचेही स्वतःचे नखरे आहेत, थायरॉइड, स्टिरॉइड, लठ्ठपणा आणि सूज यांनी ते हलतं, आणि ते महागही आहे. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात, जिथे शक्य असेल तिथे दोन्ही मिळून अंदाज करा असा कल आहे.

आणखी एक बारीक गोष्ट, जी डेटा एंट्रीच्या वेळी कुणाच्याच डोक्यात येत नाही. पुष्कळ रिपोर्टांत क्रिएटिनिन एकाच दशांशापर्यंत छापतात. त्याच ७० वर्षांच्या आजींचं क्रिएटिनिन १.० लिहिलं तर ईजीएफआर ६१ येतो, १.१ लिहिलं तर ५४. म्हणजे यंत्राने १.०४ दिलं की १.०६, यावर बाई निरोगी की रोगी ते ठरतं. लॅबकडे डेटा मागताना छापलेला आकडा मागू नका, यंत्रातला मागा. आणि तपासणी जाफे पद्धतीने झाली की एन्झाइम पद्धतीने, तेही लिहून घ्या. जाफेची रासायनिक क्रिया १८८६ सालची आहे, स्वस्त आहे म्हणून अजून चालते, आणि तिला बिलिरुबिन, कीटोन असे पदार्थ फसवतात. अनियंत्रित डायबेटिसच्या रुग्णांत कीटोन असू शकतात, म्हणजे ज्यांच्यावर अभ्यास करायचा त्यांच्याच बाबतीत ही पद्धत कच्ची.

वय म्हणजे आजार नाही, पण मग काय आहे?

हा प्रश्न जुना आहे. १९५० साली डेव्हिस आणि शॉक या दोघांनी २४ ते ८९ वयाच्या ७० पुरुषांमध्ये इन्युलिन वापरून खरा वेग मोजला. ऐंशीच्या घरातल्यांचा वेग विशीतल्यांच्या जवळपास निम्मा निघाला. 'तिशीनंतर दरवर्षी साधारण एक मिलिलिटर कमी' हे जे वाक्य आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, त्याच्यामागे अशाच प्रकारचे अभ्यास आहेत. पण नीट बघा, इथे म्हाताऱ्यांची तुलना तरुणांशी केलीय. एकाच माणसाला म्हातारं होताना बघितलेलं नाही.

ते काम बाल्टिमोरमध्ये १९५८ साली सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासाने केलं. लिंडेमन, टोबिन आणि तेच शॉक यांनी १९८५ साली निष्कर्ष मांडले. किडनीचा आजार किंवा ब्लडप्रेशर नसलेले २५४ पुरुष त्यांनी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासले होते. सरासरी घट वर्षाला ०.७५ मिलिलिटर. पण एक तृतीयांश लोकांमध्ये घट दिसलीच नाही! आणि ज्यांचं ब्लडप्रेशर जास्त होतं, त्यांची घट जास्त वेगाने होती.

सरासरीची रेष उतरती, पण प्रत्येक माणूस त्या रेषेवरून उतरत नाही. 'वयामुळे होतं' असं आपण जे म्हणतो, त्यातलं किती खरोखर वयाचं आणि किती वयाबरोबर साचत गेलेल्या ब्लडप्रेशरचं, साखरेचं, सिगारेटचं, गुडघेदुखीसाठी खाल्लेल्या पेनकिलरचं, हा खरा संशोधनाचा प्रश्न. त्या एक तृतीयांशावर पुढे टीकाही झाली. मोजण्यातच एवढी चुळबूळ असते, की काही जणांची रेष योगायोगानेही सपाट दिसेल. टीका रास्त आहे. पण प्रश्न त्याने संपत नाही.

मग २०१७ साली मेयो क्लिनिकच्या गटाने वेगळीच वाट काढली. जिवंतपणी किडनी दान करणाऱ्या १,६३८ लोकांचे सीटी स्कॅन आणि किडनीचे तुकडे त्यांच्याकडे होते. त्यावरून त्यांनी नेफ्रॉन मोजले. नेफ्रॉन म्हणजे किडनीतली गाळणीची एक सुटी चाळण, आणि अशा लाखो चाळण्यांची मिळून एक किडनी. १८ ते २९ वयाच्या दात्यांमध्ये एका किडनीत चालू स्थितीतले सुमारे ९ लाख ९० हजार नेफ्रॉन, आणि ७० ते ७५ वयाच्या दात्यांमध्ये सुमारे ५ लाख २० हजार. हे सगळे डॉक्टरांनी तावून सुलाखून निरोगी ठरवलेले लोक आहेत, नाहीतर त्यांची किडनी घेतलीच नसती. तरी निम्मे नेफ्रॉन नाहीत.

त्याच गटाच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या शोधनिबंधात मात्र सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. एकेका नेफ्रॉनवर किती भार पडतो, हे त्यांनी काढलं. सत्तरीच्या आतल्या निरोगी दात्यांमध्ये तो भार वयानुसार फारसा बदलत नव्हता. लठ्ठ लोकांत आणि घरात किडनी निकामी झाल्याचा इतिहास असलेल्यांत मात्र तो जास्त होता, आणि जिथे भार जास्त तिथे नेफ्रॉन फुगलेले, वयाच्या मानाने जास्त व्रण पडलेले.

आपल्या सेंट्रल लाइनच्या भाषेत सांगतो. रविवारी मुलुंडहून स्लो लोकलच्या फेऱ्या कमी असतात, पण ऑफिसची गर्दीही नसते, त्यामुळे प्रत्येक गाडी तशी बरी चाललेली असते. निरोगी म्हातारपण साधारण असं असावं. शरीराची मागणी कमी, नेफ्रॉनही कमी. (मागणी कमी होते म्हणून हे जुळतं, हे एक स्पष्टीकरण आहे, सिद्ध झालेलं सत्य नाही.) डायबेटिस आणि ब्लडप्रेशर म्हणजे सोमवारी सकाळी साडेआठला फेऱ्या रद्द होणं. प्रवासी तेवढेच, गाड्या कमी, प्रत्येक डब्यात दुप्पट माणसं, आणि त्या भाराने पुढच्या गाड्याही बिघडत जातात.

डायबेटिसमध्ये तर सुरुवातीला हा वाढलेला भार चांगल्या बातमीसारखा दिसतो. साखर जास्त असताना नेफ्रॉन जोराने गाळतात, ईजीएफआर वर जातो, क्रिएटिनिन कमी दिसतं. त्या दाबाने चाळणीची भोकं सैल होतात आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत गळू लागतं. रक्ताचा रिपोर्ट ठीक असतो आणि लघवीचा बोलत असतो. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ही तपासणी इतकी महत्त्वाची. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या वर अल्ब्युमिन गेलं आणि ते तीन महिने टिकलं, तर ईजीएफआर कितीही सुंदर असो, तो किडनीचा आजार. माझ्या मते वय आणि आजार वेगळे करायला आपल्या हातात असलेलं हे सगळ्यात स्वस्त हत्यार आहे, आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं. मात्र उतारवयातल्या काही डायबेटिसच्या रुग्णांत अल्ब्युमिन न गळताही किडनी घसरत जाते, हेही लक्षात ठेवा, नाहीतर उलट्या बाजूने फसाल.

पुण्याची बाळं आणि आपले स्नायू

इथवरचे सगळे अभ्यास अमेरिकेतले. आपल्याकडे यात एक वेगळा पीळ आहे, आणि तो महाराष्ट्रातच सापडला.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून बघितली. पुण्याकडची बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण फरक सगळीकडे सारखा नव्हता. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय शरीर म्हणतात ते हे. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी फोटोच छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. शोधनिबंध कंटाळवाणेच असायला हवेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हा एका पानाचा मजकूर जरूर बघावा.

किडनीशी याचा संबंध दोन ठिकाणी लागतो. एक जन्मापूर्वीचा. नेफ्रॉन गर्भातच बनतात, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत, नंतर नवीन बनत नाहीत. जन्मतः वजन कमी असेल तर नेफ्रॉन कमी घेऊन माणूस येतो आणि पुढे त्याला ब्लडप्रेशर आणि किडनीचा त्रास होण्याची शक्यता जास्त, अशी मांडणी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली केली. म्हणजे म्हातारपणी निम्मे नेफ्रॉन गेले हे खरं, पण निम्मे कशाचे? जमेची बाजूच कमी असेल, तर त्याच खर्चात दिवाळं लवकर निघतं. आज मुलुंडमध्ये सत्तरी गाठलेले पुष्कळ जण कोकणातून, घाटावरून, कच्छ-सौराष्ट्रातून आलेल्या घरांतले आहेत. त्यांचं जन्माचं वजन कुणी लिहून ठेवलेलं नाही. हा चल तुमच्या डेटात कधीच नसणार, आणि तरी तो काम करत असणार.

दुसरा संबंध सूत्राशी. त्याच वजनात स्नायू कमी असतील तर क्रिएटिनिन कमी बनणार, आणि सूत्र म्हणणार, 'वा, किडनी छान आहे.' त्यात शाकाहार धरा. शिजवलेल्या मांसातून थोडं क्रिएटिनिन थेट पोटात जातं, शाकाहाऱ्याला तेही नाही. सूत्र ज्या लोकांवर बेतलं ते बहुतेक वेगळ्या शरीराचे आणि वेगळ्या ताटाचे. आपल्याकडच्या बारीक, शाकाहारी, वयस्कर बाईच्या बाबतीत ईजीएफआर खऱ्यापेक्षा चांगला दिसण्याची शक्यता मोठी आहे.

यातून घरोघरी घडणारी एक गोष्ट बघा. आजी न्यूमोनियाने किंवा खुब्याच्या फ्रॅक्चरने दोन महिने अंथरुणावर असतात. सात-आठ किलो वजन उतरतं. नंतर तपासणी केली तर क्रिएटिनिन १.२ वरून ०.९ वर आलेलं. घरचे खूश होतात, किडनी सुधारली म्हणतात. प्रत्यक्षात मांड्या-दंडाचे स्नायू गेले, म्हणून क्रिएटिनिन बनायचंच कमी झालं. किडनी होती तिथेच असेल, किंवा आणखी खालीही गेली असेल. आणि औषधाचा डोस त्या ०.९ वर ठरतो.

लेबल लागल्याने काय होतं

डोसवरून मुलुंडचीच एक गोष्ट. होएक्स्ट या जर्मन औषध कंपनीचा कारखाना आणि संशोधन केंद्र एके काळी मुलुंडमध्ये होतं, जुन्या लोकांना अजून आठवतं. डायबेटिसवरची डाओनिल ही याच कंपनीची गोळी, म्हणजे ग्लिबेनक्लामाइड. साखर उतरवायला जोरदार, पण शरीरात मोडल्यावर तिचे जे तुकडे होतात तेही साखर उतरवतात आणि ते किडनीतून बाहेर पडतात. किडनी मंदावली की तुकडे साठतात, आणि वयस्कर माणसाची साखर रात्रीतून खाली जाते, कधी कधी दीड-दोन दिवस वर येत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसांत ही गोळी टाळा असं आता वृद्धांच्या औषधयादीत स्पष्ट सांगितलेलं असतं. मेटफॉर्मिनच्या बाबतीत अमेरिकेच्या एफडीएने २०१६ साली निकष क्रिएटिनिनवरून ईजीएफआरवर आणला. ३० च्या खाली द्यायचं नाही, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करायचं नाही. म्हणजे सूत्रातल्या वयाच्या गुणकाने कुणाची गोळी चालू राहील आणि कुणाची थांबेल हे ठरतं. (आपली गोळी मात्र हे वाचून कुणी बदलू नये, ते डॉक्टरांचं काम.)

म्हणूनच ६० या सीमेवरून इतकं भांडण आहे. एक गट म्हणतो, पासष्टीनंतर लघवीत अल्ब्युमिन नसेल तर ४५ पर्यंत चालवून घ्या, उगाच लाखो धडधाकट म्हाताऱ्यांना रोगी करू नका. दुसरा गट २०१२ च्या 'जामा'मधल्या विश्लेषणाकडे बोट दाखवतो. वीस लाखांहून जास्त लोकांच्या त्या डेटात, वय वाढेल तसा कमी ईजीएफआरचा सापेक्ष धोका उतरत जातो, पण प्रत्यक्ष दगावणाऱ्यांच्या संख्येतला फरक वयाबरोबर वाढतो. दोघांचे आकडे खरे आहेत. प्रश्न वेगळे आहेत. २०२४ च्या मार्गदर्शनात ६० कायम ठेवलंय. माझं मत विचाराल तर मला पहिल्या गटाचं म्हणणं निम्मं पटतं. सत्तरीतल्या माणसाला '५४ आहे' एवढंच सांगून घाबरवण्यात अर्थ नाही. पण बारीक अंगाच्या आपल्या माणसांत ५४ चं खरं मोल ४५ असू शकतं, आणि मग ४५ ची सवलत आपल्याला महागात पडेल.

व्याख्या बदलली की देश कसा बदलतो तेही बघा. दिल्लीत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,९७२ लोक तपासले, क्रिएटिनिन १.८ च्या वर तोच रुग्ण असं धरलं. प्रमाण आलं ०.७९ टक्के. २०१३ साली सीक नावाचा अभ्यास आला, देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर शिबिरं भरवून केलेला, साडेपाच हजारांवर लोकांचा. त्यात ईजीएफआर आणि लघवीतलं प्रथिन दोन्ही धरलं. प्रमाण १७.२ टक्के. आठ वर्षांत देशाच्या किडन्या वीसपट बिघडल्या नाहीत. पट्टी बदलली, आणि माणसं निवडण्याची रीतही. शिबिराला जो स्वतःहून येतो त्याला आधीच काहीतरी शंका असते. शिवाय एकदाच केलेल्या तपासणीत तीन महिन्यांची अट पाळता येत नाही. आदल्या आठवड्यात जुलाब झालेला माणूसही त्यात रुग्ण ठरतो. तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या परिच्छेदात 'भारतात १७ टक्के लोकांना' असं लिहिण्याआधी हे दोन्ही शोधनिबंध शेजारी ठेवून वाचा.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर

एका वेळचा आकडा सोडा, उतार बघा. हे म्हणणं सोपं, करणं अवघड. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातली औषधं सुरू केली की पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर थोडा खाली येतो, आणि नंतरची घसरण मंदावते. २०१९ च्या क्रेडेन्स आणि २०२० च्या डापा-सीकेडी या चाचण्यांमध्ये अशा औषधांचा फायदा स्पष्ट दिसला. २०२० पासून भारतात डॅपाग्लिफ्लोझिन स्वस्तही झालंय. म्हणजे तुमच्या डेटात पुष्कळ जण मध्येच या गोळीवर गेलेले असतील. तीन महिन्यांचा उतार काढलात तर औषध वाईट दिसेल, तीन वर्षांचा काढलात तर चांगलं. औषधाची तारीख नसेल तर उताराला अर्थ नाही.

मुंबईच्या उपनगरांत एक चांगली सोय आहे. डायबेटिसची पुष्कळ माणसं वर्षानुवर्षं एकाच लॅबमध्ये जातात. अशा एखाद्या लॅबचा दहा वर्षांचा डेटा, नैतिक समितीची परवानगी घेऊन आणि नावं काढून टाकून मिळाला, तर गावोगाव शिबिरं घेण्यापेक्षा तो कितीतरी मोलाचा. त्यात साठीच्या पुढचे, ज्यांची साखर आणि ब्लडप्रेशर ठीक आहे असे लोक वेगळे काढा, आणि ज्यांना दोन्ही आहे ते वेगळे. सूत्रातला वयाचा गुणक दोघांना सारखाच लागतो, त्यामुळे दोन उतारांतली तफावत बघितली तर तो बराचसा आपोआप वजा होतो. बराचसा म्हणतो, कारण आजारी माणसाचे स्नायू निरोगी माणसापेक्षा लवकर उतरतात, आणि तेवढ्यापुरती त्याची घसरण लपते. निदान वजनाची नोंद मिळते का ते विचारा. लॅबकडे नसते, पण क्लिनिकच्या केसपेपरवर असते.

आणि डेटा हातात आल्यावर पहिल्याच दिवशी एक तक्ता करा. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी पाचव्या वर्षी किती जण पुन्हा आले, वयोगटाप्रमाणे. न आलेल्यांत काही मुलाकडे ठाण्याला किंवा परदेशी गेलेले असतील, काहींनी बरं वाटतंय म्हणून तपासणी सोडली असेल, काही डायलिसिसला लागून मोठ्या हॉस्पिटलच्या वहीत गेले असतील, काही वारले असतील. लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये या चौघांची ओळ अगदी सारखी दिसते, शेवटची तारीख आणि पुढे रिकामं. उताराची रेष काढण्याआधी त्या रिकाम्या जागांपैकी निदान शंभर जणांचं काय झालं, हे परवानगीने फोन करून विचारायला किती महिने लागतील, त्याचा हिशेब गाइडसमोर मांडा.